लॉर्ड रॉबर्ट्सची पट्टी आपण कशाला वापरायची?

१ जानेवारी जवळ आली की आपल्या मोबाईलवर पोस्टरांचा पाऊस पडतो. विजयस्तंभाचे चित्र, खाली वाघ किंवा तलवार, आणि वर ठळक अक्षरांत काहीतरी असे: आम्ही जन्मजात योद्धे, लढणे आमच्या रक्तातच आहे. गेल्या वर्षी एका अभ्यासवर्गात मी यावर हरकत घेतली तेव्हा एक तरुण कार्यकर्ता माझ्यावर चांगलाच तापला. त्याचे म्हणणे, "दादा, त्यांनी शे-दोनशे वर्षे शौर्याचे पोवाडे गायले तर चालते, आम्ही एक पोस्टर टाकले की तुम्हाला त्रास होतो." त्याचा राग मला कळतो. त्रास पोस्टरचा नाही. कोरेगावच्या स्तंभावरच्या नाकान्त नावांपुढे माझीही मान झुकते. त्रास 'जन्मजात' या एका शब्दाचा आहे. अमुक जात जन्मानेच लढवय्यी आणि अमुक जात जन्मानेच नामर्द, या विचाराला हिंदुस्थानच्या लष्करात सरकारी धोरणाचा दर्जा ज्या माणसाने मिळवून दिला, त्याच माणसाच्या कारकिर्दीत आपल्या बापजाद्यांना पलटणीचा दरवाजा बंद झाला. ज्या पट्टीने मोजून आपल्याला बाहेर काढले, ती पट्टी आपणच छातीला लावून फिरतो आहोत.

हा माणूस म्हणजे फ्रेडरिक रॉबर्ट्स, पुढे लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार.

इथे आधी एक दुरुस्ती करतो. आपल्या कित्येक पुस्तिकांत आणि भाषणांत 'लॉर्ड किचनरने महारांची भरती बंद केली' असे ठोकून दिलेले असते. किचनर हिंदुस्थानचा सरसेनापती झाला १९०२ च्या अखेरीस. १८९२ मध्ये तो इजिप्तच्या सैन्यात होता. मुंबई इलाख्याच्या सैन्यात जातवार कंपन्यांची नवी रचना आली आणि महारांची भरती थांबली ती १८९२-९३ च्या सुमारास, आणि तेव्हा सरसेनापतीच्या खुर्चीत रॉबर्ट्स होता. किचनरने तो दरवाजा उघडला नाही, हा त्याचा दोष आहेच. पण दुसऱ्याच माणसाचे नाव घेऊन भांडलो तर समोरचा पहिल्याच वाक्याला आपल्याला गप्प करतो.

आता या रॉबर्ट्सची कारकीर्द पाहू. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाने तो इंग्लंडभर घरोघरी पोचला, पण ते १८९९ नंतरचे. आपल्याशी संबंध आहे तो त्याआधीच्या ४१ वर्षांचा, जी त्याने हिंदुस्थानात काढली.

जन्म १८३२, कानपूर. बाप अब्राहम रॉबर्ट्स कंपनी सरकारच्या फौजेत बडा अधिकारी. पोरगा इंग्लंडात ईटन, सँडहर्स्ट, अ‍ॅडिस्कोंब अशा शाळांतून शिकला आणि १८५२ मध्ये बंगालच्या तोफखान्यात अधिकारी म्हणून कलकत्त्याला उतरला. लवकरच तो पेशावरला गेला. तिथे डिव्हिजनचा प्रमुख कोण, तर त्याचाच बाप. आणि हा बापाचा एडीसी. गुणवत्तेच्या नावाने आपल्या आरक्षणावर रोज लेख पाडणाऱ्यांनी ही नेमणूक एकदा वाचावी. लहानपणच्या आजाराने त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती आणि अंगाने तो ठेंगणा होता. हे मी हिणवायला सांगत नाही. जातींची अंगकाठी पाहून लढाऊपणा ठरवणारी पद्धत ज्याने रुजवली, तो स्वतः त्या रांगेत साधा शिपाई म्हणून उभा राहिला असता तर पास झाला असता का, एवढेच विचारतो.

माणूस भेकड नव्हता. १८५७ मध्ये तो दिल्लीच्या वेढ्यात होता, लखनौला होता, जानेवारी १८५८ मधल्या खुदागंजच्या चकमकीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढची वीस वर्षे मात्र तो मुख्यतः क्वार्टरमास्टर जनरलच्या खात्यात होता. म्हणजे तळ कुठे पडायचा, खेचरे किती लागतील, रसद कुठून येईल याची व्यवस्था. अंबेला, अ‍ॅबिसिनिया, लुशाई टेकड्या, सगळीकडे हेच काम. या कामात तो अतिशय तरबेज होता. पण ध्यानात ठेवा, हा सगळा काळ तो बंगालच्या सैन्याचा माणूस आहे. त्या काळी बंगाल, मद्रास आणि बॉम्बे अशी तीन इलाख्यांची तीन वेगळी सैन्ये होती. बॉम्बे आर्मीचे सेनापतिपद रॉबर्ट्सकडे कधीच आले नाही.

आणि बॉम्बे आर्मीची रीत वेगळी होती. तिथे एकाच कंपनीत मराठा, महार, मुसलमान, परदेशी, ज्यू सगळे एका रांगेत उभे राहत. जात घरी ठेवून या, हा तिथला दंडक. ज्याच्या नावाने जेकबाबाद वसले तो जॉन जेकब १८५७ च्याही आधीपासून लिहीत होता की बंगालच्या सैन्यात उच्च जातींचे चोचले पुरवले जातात आणि त्यातून शिस्त बिघडते, बॉम्बेत हे चालत नाही. १८५७ ने त्याचे म्हणणे खरे ठरवले. तरीही ३५ वर्षांनी बॉम्बेचीच रीत मोडीत निघाली. का?

कारण मधे अफगाणिस्तान आले. १८७८ मध्ये दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले आणि व्हाइसरॉय लिटनच्या मर्जीतल्या रॉबर्ट्सला कुर्रम खोऱ्यातल्या फौजेची कमान मिळाली. २ डिसेंबर १८७८ ला त्याने पैवार कोतलची खिंड जिंकली. त्या रात्रीच्या चढाईत एक गोष्ट घडली. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून चिडीचूप चाललेल्या फौजेतल्या २९ व्या पंजाब पलटणीतल्या काही पठाण शिपायांनी मुद्दाम गोळ्या झाडल्या. कोर्टमार्शल झाले, गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. रॉबर्ट्सने त्यावरून पठाण ही जमातच लढायला नालायक आहे, असा सिद्धान्त काढला का? नाही. पुढे पठाण 'लढाऊ जमातीं'च्या यादीत मानाने बसले. बसायलाच हवे होते, चार माणसांच्या गुन्ह्यासाठी अख्ख्या जमातीला कोण का दोषी धरील?

हा न्याय नीट लक्षात ठेवा, कारण दोन वर्षांनी तो उलटा फिरला. २७ जुलै १८८० ला कंदहारजवळ मैवंद इथे अयूबखानाने इंग्रजी ब्रिगेडचा धुव्वा उडवला. इंग्रजांची फौज सुमारे अडीच हजार, समोरचा जमाव त्याच्या कितीतरी पट. मरणाचा उन्हाळा, पाण्याचे हाल, तोफांचा दारूगोळा संपत आलेला. जवळपास हजार माणसे कापली गेली. त्यात ६६ वी गोरी पलटणही होती आणि बॉम्बे आर्मीच्या देशी पलटणीही. देशी पलटणींची रांग आधी फुटली. त्यातल्या जेकब्ज रायफल्समध्ये कोवळे, पुरते तयार न झालेले रंगरूट होते. हे कारण त्या काळच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होते.

मग रॉबर्ट्स काबूलहून निघाला. दहा हजारांची फौज, तीनशेहून अधिक मैल, तीन आठवड्यांत कंदहार. १ सप्टेंबर १८८० ला त्याने अयूबखानाला हरवले आणि इंग्लंडात 'बॉब्ज' हे देवाचे नाव झाले. कंदहारच्या तटाआड अडकलेली शिबंदी, म्हणजे बॉम्बेकडची फौज, त्याला खचलेली दिसली आणि ते त्याने पुढे आत्मचरित्रात लिहूनही ठेवले. बंगालकडचे शीख, गुरखे आणि स्कॉटिश हायलँडर वाचवायला आले, बॉम्बेवाले वाचवून घ्यायला बसले होते, हे चित्र त्याच्या डोक्यात कायमचे कोरले गेले. एका लढाईचे चित्र. त्यावर हजारो घरांच्या भाकरीचा निकाल लागायचा होता.

या चित्रातून काय काय गळाले पाहा.

रॉबर्ट्सच्या त्या गाजलेल्या कूचमध्ये २३ वी पायोनियर पलटण होती. ती मजहबी शिखांची, म्हणजे पंजाबातल्या अस्पृश्य समाजातून आलेल्या शिखांची पलटण. पैवार कोतललाही ती त्याच्याबरोबर होती. अस्पृश्य लढू शकतो का, याचे उत्तर त्याच्याच फौजेत त्याच्या डोळ्यांपुढे चालत होते.

आणि त्याच वर्षी, त्याच कंदहारच्या वाटेवर, मैवंदच्या तीन महिने आधी, दाब्राई नावाचे एक छोटे ठाणे होते. १६ एप्रिल १८८० ला तिथे शेकडोंच्या जमावाने हल्ला केला. १९ व्या बॉम्बे पलटणीचा मेजर वॉडबी आणि दोन शिपाई शेवटपर्यंत लढत मेले. एका शिपायाचे नाव इलाही बक्ष. दुसऱ्याचे सोननाक ताननाक. 'नाक' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, त्यात या सोननाकाच्या स्मारकाचा दाखला दिलेला आहे. आपल्या माणसांनी पुरावा दिला होता, सरकारच्याच दगडावर कोरलेला. मैवंदमुळे बॉम्बेचे सगळे शिपाई डागाळले, पण दाब्राईमुळे एकही महार उजळला नाही. पठाण चुकला तर तो माणूस चुकला. बॉम्बेचा शिपाई चुकला तर त्याची जात चुकली. आणि गोरा हरला तर? १८७९ मध्ये इसांडलवानाला झुलूंनी इंग्रज पलटण कापून काढली, १८८१ च्या फेब्रुवारीत माजुबाच्या टेकडीवर बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांना पळवून लावले. इंग्रज ही जात लढाऊ नाही, असे कोणत्या समितीने लिहिले? माजुबाचा सूड घ्यायला रॉबर्ट्सलाच जहाजात बसवून पाठवले होते. तो पोचला तोवर तह झाला होता, एका दिवसात परत फिरला.

मग १८८१ ते १८८५ तो मद्रास आर्मीचा सेनापती. तिथल्या शिपायांत आता पूर्वीचे पाणी उरले नाही, या मतावर तो आला. दीर्घ शांततेने दक्षिणेचा माणूस मऊ झाला, असा त्याचा एकूण रोख. त्याच्या 'फॉर्टी-वन इयर्स इन इंडिया' या १८९७ च्या आत्मचरित्रात हे सगळे अगदी सहजपणे येते, हवामानाबद्दल लिहावे तसे. बॉम्बेबद्दलही त्याचे मत यापेक्षा फार चांगले नव्हते. आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये हा माणूस सगळ्या हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. एप्रिल १८९३ पर्यंत राहिला. साडेसात वर्षे. मत होते त्याचा हुकूम झाला.

निमित्त रशियाचे होते. १८८५ मध्येच पंजदेहवरून रशियाशी युद्ध पेटता पेटता राहिले होते. रशियन शिपायापुढे उभा राहील असा माणूस हवा, तो फक्त उत्तरेत मिळतो, हे रॉबर्ट्सचे पालुपद. मद्रासच्या पलटणी एकेक करून मोडल्या किंवा त्यांत पंजाबी आणि गुरखे भरून ब्रह्मदेशाला लावल्या. मुंबईकडे जातवार कंपन्या आल्या. आता कंपनी म्हणजे एका जातीची. एका रांगेत सगळे, ही बॉम्बेची जुनी रीत संपली. जातवार रचना झाली की पहिला प्रश्न येतो, अस्पृश्याची कंपनी कुणाच्या शेजारी? अस्पृश्य सुभेदाराला सलाम कोण करणार? या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर सरकारने काढले. अस्पृश्यच नको. पुढे १९०३ च्या फेररचनेत ब्राह्मणांच्या नावाच्या पलटणी सैन्यात होत्या, हेही नोंदवून ठेवा. १८५७ मध्ये ज्यांच्या बंडाने कंपनी सरकार बुडाले त्यांच्या जातीला नावासकट जागा, आणि ज्यांनी साथ दिली त्यांना घरचा रस्ता. 'इंग्रज आले म्हणून आपण वाचलो' असे सरसकट बोलणाऱ्या आपल्याच मित्रांनी इथे थोडे थांबावे.

आता खरा तोटा कशाचा झाला ते पाहा, कारण पोस्टरवर तो कधीच येत नाही. तोटा बंदुकीचा नव्हता. शिपायाला तेव्हा महिना ७ रुपये. फार नव्हेत, पण ते रोख होते. वेठबिगार नव्हती, बलुत्याचा शिळा तुकडा नव्हता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छावणीतली शाळा. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याचे पोर छावणीत पाटीवर अक्षरे गिरवत होते, पोरीसुद्धा शिकत होत्या. रामजी सकपाळ सुभेदार झाले ते लष्करी शाळेतले शिक्षक म्हणून. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत भीमराव जन्मले तेव्हा सरसेनापती रॉबर्ट्सच होता. दोनच वर्षांत त्याच्या कारकिर्दीतल्या रचनेने तो दरवाजा बंद केला. म्हणजे रामजीबाबा शेवटच्या गाडीत बसले होते. त्या गाडीत न बसलेल्या घरांत किती भीमराव राहून गेले, याचा हिशोब कोणाकडे मागायचा?

दापोलीला पेन्शनीत निघालेल्या महार शिपायांची वस्ती होती. छावणीतून आलेल्या त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत बसायला जागा मिळावी म्हणून या पेन्शनरांना अर्जविनंत्या कराव्या लागल्या. पलटणीत ज्याने इंग्रज कॅप्टनच्या शेजारी गोळी खाल्ली, त्याचे पोर शाळेच्या ओट्यावर. पलटण होती तोवर छावणी तरी होती. ती गेल्यावर उरला फक्त ओटा.

याच पेन्शनरांत गोपाळबाबा वलंगकर होते. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसक' लिहिणारे, अनार्य दोष परिहारक मंडळी काढणारे. १८९४ चा भरतीबद्दलचा अर्ज त्यांचा. त्यात आपण मूळचे क्षत्रिय, म्हणून आपल्याला भरती करा, असा युक्तिवाद आहे. आता कोणी म्हणेल, मग गोपाळबाबांनीही रॉबर्ट्सचीच पट्टी वापरली. हो, वापरली. दरवाजा बंद होत असताना पाय अडकवायला हाताशी जे लाकूड सापडले ते त्यांनी घातले. त्यांना नावे ठेवायची माझी लायकी नाही. पण त्या युक्तिवादाने दरवाजा उघडला नाही हेही खरे. क्षत्रिय कोण हे ठरवण्याचा अधिकार एकदा दुसऱ्याच्या हाती दिला की तो 'नाही' म्हणायला मोकळा असतो.

बाबासाहेबांनी जमीनच बदलली. नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी इंग्रजांना तोंडावर विचारले की तुमच्याआधी आम्हाला पोलिसांत आणि सैन्यात प्रवेश नव्हता, तुमच्या राज्यात तरी आहे का? त्याच परिषदेच्या संरक्षण उपसमितीत त्यांची मागणी होती की भरती सर्व जातीजमातींना खुली करा, पात्रता पाहा. आम्ही जन्मजात शूर आहोत, असा त्यांचा दावा नाही. नागरिकाचा हक्क आणि माणसाची पात्रता, एवढ्यावर ती मागणी उभी आहे. या मागणीत मातंग येतो, चर्मकार येतो, वाल्मीकी येतो. 'जन्मजात योद्धे' म्हणताच ते बाहेर राहतात, आणि आपल्याच वस्तीत एक छोटा रॉबर्ट्स तयार होतो.

मग १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून त्यांनी धडपड का केली, असे तो तापलेला कार्यकर्ता मला विचारत होता. प्रश्न बिनतोड आहे. माझे उत्तर असे: सैन्याची रचनाच जातीच्या नावाने असेल तर त्या रचनेत आपले नाव नसणे म्हणजे बाहेर असणे. बाबासाहेब आदर्श समाजाची वाट पाहत पोरांना उपाशी ठेवणारे पुढारी नव्हते. त्यांनी दरवाजा उघडून घेतला आणि खुल्या भरतीची मागणीही सोडली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र चालतात. पोस्टरवर फक्त पहिली येते.

रॉबर्ट्सचे पुढे काय झाले तेही सांगतो. १८९५ मध्ये तो फील्डमार्शल झाला. बोअर युद्धानंतर, १९०५ पासून त्याने इंग्लंडात एक मोहीम चालवली, नॅशनल सर्व्हिस लीगचा अध्यक्ष म्हणून. जर्मनीशी युद्ध येणार, म्हणून प्रत्येक धडधाकट इंग्रज तरुणाला सक्तीने लष्करी शिक्षण द्या, ही तिची मागणी. कारकून, गिरणीकामगार, दुकानातला पोऱ्या, सगळे आले. तिथे त्याला कळत होते की शिपाई शिकवून तयार होतो, आईच्या पोटातून बंदूक घेऊन येत नाही. कंदहारचा लॉर्ड इंग्लंडात जे नऊ वर्षे घसा फोडून सांगत होता, ते हिंदुस्थानात साडेसात वर्षे सरसेनापती असताना त्याला सुचले नव्हते.

नोव्हेंबर १९१४ मध्ये तो फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांना भेटायला गेला आणि सेंटोमेरला न्यूमोनियाने मेला. त्याच युद्धात माणसे कमी पडू लागली तसा त्याचा सिद्धान्त गुंडाळून ठेवावा लागला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले, १९२१ मध्ये ती मोडली. मरायची वेळ आली की महार लढाऊ, पगाराची वेळ आली की नाही.

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात की फोर्टात हजारीमल सोमाणी मार्ग कुठे आहे ते विचारा. त्याचे जुने नाव वॉडबी रोड, दाब्राईच्या त्या मेजरवरून पडलेले. त्याच्याबरोबर त्याच ठाण्यावर मेलेल्या सोननाकाच्या नावाचा रस्ता मला अजून सापडलेला नाही.